हृदयाचा एमआरआय, घोडबंदर रोड: फोटोला पैकीच्या पैकी, बोलण्याला काठावर पास

घोडबंदर रोडच्या या स्कॅन सेंटरमध्ये मी दोनदा गेले. पहिल्यांदा गेल्या वर्षी श्रावणात, दुसऱ्यांदा सहा महिन्यांनी माघात. दोन्ही वेळा पदरचे पैसे मोजून गेले, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. नाव लिहीत नाही. जी तक्रार होती ती तिथल्या काउंटरवर तोंडावर सांगून झाली आहे आणि त्यांनी ऐकूनही घेतली. शिवाय ठाण्यात आणि नव्या मुंबईत अशी सेंटरं आता पुष्कळ आहेत. तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला हृदयाचा एमआरआय सांगितला असेल, तर माझं बरंचसं लिहिणं कुठेही लागू पडेल.

आधी मी कोण ते सांगते. नौपाड्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे, चौदा वर्षं झाली. रोजच्या साडेतीनशे पोळ्या, होळीला पुरणपोळ्या, गणपतीत उकडीचे मोदक. वय सेहेचाळीस. गिऱ्हाईक समोर उभं असताना काउंटरमागचा माणूस काय करतो, काय टाळतो, हे मला लांबून कळतं. सेंटरला मी त्याच मापाने मोजलं आहे.

आषाढ संपत आला तेव्हा दुकानातल्या आम्हा तिघींना पाठोपाठ ताप आला. सर्दी, अंगदुखी, थोडे जुलाब. पावसाळ्यात कुणाला होत नाही? चौथ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी मी तव्यासमोर. त्यानंतर आठेक दिवसांनी छातीत डाव्या बाजूला जड वाटायला लागलं. दुकानातून घरी यायला दोन जिने आहेत, तिथे पहिल्या जिन्यातच धाप लागायची. रात्री आडवी झाले की छातीत धडधड, उशीला कान लावला तर तीच ऐकू यायची. मी काय केलं? ओवा खाल्ला, गॅसची गोळी घेतली, कुणाच्या तरी पर्समधली पेनकिलर घेतली. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. तिसऱ्या दिवशी गोखले रोडवर रिक्षाला हात करता करता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसले. तिथून थेट हॉस्पिटल.

ईसीजी बिघडलेला, रक्तातलं ट्रोपोनिन वाढलेलं. हार्ट अटॅक धरून त्यांनी रात्रीच मनगटातून अँजिओग्राफी केली. रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या, एकही ब्लॉक नाही. बाहेर माझ्या माणसांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. 'बघ, गॅसच होता!' दीर म्हणाले.

गॅस नव्हता. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूच्या पेशींमधलं प्रथिन. पेशींना इजा झाली की ते रक्तात सांडतं. मी ते डब्याच्या हिशोबाने समजून घेतलं: पिशवीत वरण दिसलं म्हणजे कुठला तरी डबा गळतोय एवढं नक्की. का गळतोय, कुठला गळतोय, हे पिशवी बघून कळत नाही. ब्लॉक असेल तर कारण मिळालं असतं. ब्लॉक नाही, तरी वरण सांडलंय. डॉक्टर सकाळच्या राउंडला आले आणि म्हणाले, 'मायोकार्डायटिस वाटतोय. हृदयाच्या स्नायूला सूज. व्हायरलनंतर होतं कधी कधी. एमआरआयने स्पष्ट होईल.' आणि पुढच्या खाटेकडे गेले. सूज म्हटल्यावर मला मुरगळलेला घोटा दिसला. हृदय मुरगळतं कसं, हे विचारायला पुढचे चोवीस तास कुणी सापडलं नाही.

त्या हॉस्पिटलात हृदयाचा एमआरआय होत नव्हता. पाच दिवसांनी घरी सोडलं, आणि तिथून या सेंटरची गोष्ट सुरू होते.

फोनवरचं बुकिंग वाईट. 'हार्टका? नहीं मॅडम, वो तो रोज नहीं होता,' इथून सुरुवात. गुडघ्याचा, मणक्याचा एमआरआय रोज होतो, पण हृदयाचा आठवड्यात दोनच दिवस, कारण तो करणारे टेक्निशियन वेगळे. हलत्या वस्तूचा फोटो काढायचा असतो, त्यामुळे ते कौशल्याचं काम आहे, हे मला नंतर पटलं. पण पटवून द्यायचं काम फोनवरच्या मुलीचं होतं. दर सांगितला साडेअकरा हजार. काउंटरवर गेल्यावर कळलं की कॉन्ट्रास्टचे, म्हणजे फोटोत फरक उठून दिसावा म्हणून शिरेतून द्यायच्या औषधाचे, पैसे वेगळे, आणि फिल्मबरोबर सीडी हवी तर तिचे वेगळे. माझ्या दुकानात चटणीचे पैसे वेगळे असतील तर पाटीवर लिहिलेलं असतं, एवढंच म्हणेन.

त्याहून मोठी चूक म्हणजे क्रिएटिनिनचा रिपोर्ट लागतो हे फोनवर कुणी सांगितलं नाही. कॉन्ट्रास्टमध्ये गॅडोलिनियम नावाचा धातू असतो आणि तो मूत्रपिंडातून बाहेर पडतो, म्हणून मूत्रपिंडं नीट चालतात का ते आधी बघतात. माझ्या डिस्चार्जच्या कागदांत तो रिपोर्ट निघाला म्हणून निभावलं. माझ्यानंतर आलेल्या कळव्याच्या आजोबांना त्याच कारणासाठी परत पाठवलं. उपाशीपोटी, पावसात. त्यांची सून काउंटरवर जे बोलली त्यातलं अर्धंच इथे लिहिण्यासारखं आहे.

पोचायचं म्हणाल तर नौपाड्यातून तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, आणि वाटेत मेट्रोच्या कामाचे पत्रे. रिक्षाला पन्नास मिनिटं लागली. छातीला दणके नकोत म्हणून नवरा प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याच्या पाठीवर थोपटत होता. अकराची वेळ दिली होती, आत घेतलं बाराला वीस मिनिटं कमी असताना... नाही, चुकले, एकला वीस कमी असताना. नवऱ्याने वहीत लिहून ठेवलंय. स्वच्छतागृह मात्र चकचकीत, कडी लागणारं, आत पिशवी अडकवायला हुक असलेलं. बायकांनो, ही छोटी गोष्ट नाही.

आता आतलं. कपडे बदलून गाऊन, अंगावरचं सगळं धातूचं काढायचं. मंगळसूत्र निघालं, हेअरपिना निघाल्या, जोडवी निघेनात. बावीस वर्षं बोटांत रुतलेली. तिथल्या एका मावशींनी न सांगता खोबरेल तेलाची बाटली आणली, म्हणजे मी पहिली नव्हे. दाताची कॅप, शरीरात कुठे स्टेंट, पेसमेकर, स्क्रू, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय का, सगळं विचारलं. चुंबक प्रचंड ताकदीचं असतं आणि ते सतत चालू असतं, म्हणून ही चौकशी. एक्स-रे किंवा सीटीसारखी किरणं यात नसतात.

टेक्निशियन पंचविशीचा मुलगा. मला 'काकू' म्हणाला. सेहेचाळीस हे काकूचं वय आहे का, हा वाद आपण नंतर घालू. पण त्या मुलाला पाचपैकी सहा तारे. छातीवर ईसीजीचे पट्टे चिकटवले, कारण मशीन ठोक्यांच्या तालावर फोटो काढतं. वर एक चपटी पाटी बांधली. हातात रबरी फुगा दिला: 'काकू, घाबरल्यासारखं झालं तर दाबा, मी लगेच बाहेर काढतो. पण उगाच दाबलात तर पहिल्यापासून करावं लागेल.' कानाला हेडफोन. श्वासाच्या सूचना रेकॉर्ड केलेल्या होत्या आणि हिंदीत होत्या. पहिल्या दोन वेळा मी चुकले, सोडायचा तेव्हा घेतला. मग त्याने रेकॉर्ड बंद केलं आणि स्वतः माईकवर बोलायला लागला. 'घ्या... सोडा... आता थांबा, काकू, थांबा, थांबा... घ्या.' श्वास सोडून रिकाम्या छातीने दहा-बारा सेकंद थांबायचं. असं किती वेळा? पंचवीसनंतर मी मोजायचं सोडलं. आवाज म्हणाल तर शेजारी लादी कापायचं मशीन आणि त्यावर कुणीतरी पत्रा बडवतंय. माझं जग पहाटे चारपासून मिक्सर, तवे आणि एक्झॉस्टच्या आवाजात चालतं, त्यामुळे मला त्याचं विशेष वाटलं नाही. ज्यांना बंद जागेची भीती असेल त्यांनी आधी डॉक्टरांना सांगावं.

मध्येच हातातल्या सुईतून औषध सोडलं, हाताला गार वाटलं. मग दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं आणि पुन्हा फोटो. एकूण पन्नास-पंचावन्न मिनिटं. बाहेर आल्यावर त्या मुलाने कपभर पाणी दिलं आणि म्हणाला, 'श्वास मस्त धरलात. फोटो स्वच्छ आलेत.' त्या दिवसातलं पहिलं चांगलं वाक्य.

इथपर्यंत मी चार तारे द्यायच्या विचारात होते.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी म्हणाले, मिळाला तिसऱ्या दिवशी. तेही चालेल, सणाला माझाही डबा उशिरा जातो. पण लिफाफा काउंटरवरून असा सरकवला जसा कुरिअरचा. मी तिथेच उभी राहून उघडला. दीड पान इंग्रजी. शाळेनंतर माझं इंग्रजी किराणा मालाच्या बिलापुरतं. तरी शब्द ओळखता येतात. 'लेट गॅडोलिनियम एन्हान्समेंट', 'सबएपिकार्डियल', 'इडिमा', 'लेक लुईस क्रायटेरिया'. इजेक्शन फ्रॅक्शन ४६ टक्के. मी काउंटरच्या मुलीला विचारलं, सेहेचाळीस टक्के म्हणजे हृदय निम्मंच चालतंय का? ती म्हणाली, 'आप डॉक्टर को दिखाइए.' आत रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर आहेत ना, त्यांच्याशी दोन मिनिटं? 'सर बिझी है.'

डॉक्टरांची अपॉइंटमेंट सहा दिवसांनी होती. ते सहा दिवस मी आणि नवरा मोबाईलवर एकेक शब्द शोधत बसलो. रात्री दोन वाजता शोधलं की प्रत्येक शब्दाच्या शेवटी मरणच निघतं. सेहेचाळीस टक्के हा आकडा तर माझ्या डोक्यात इतका बसला की पोळीचा अर्धा तुकडा उरला तरी मला तो ४६ टक्के दिसायचा. खरं काय आहे ते आता सांगते, कारण मला कुणी सांगितलं असतं तर सहा रात्री झोप लागली असती: हृदय एका ठोक्यात आतलं सगळं रक्त बाहेर फेकतच नाही. धडधाकट माणसाचंही साधारण ५५ ते ७० टक्केच जातं. म्हणजे शंभरापैकी सेहेचाळीस असं नव्हे, कमी होतं, पण निम्मं मेलेलं नव्हतं.

माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. साडेअकरा हजार अधिक वरचे घेऊन तुम्ही माझ्या हृदयाचा इतका बारीक फोटो काढलात, आणि तो हातात देताना एक वाक्य नाही. पहिल्या खेपेला बोलण्याचे मार्क शून्य.

मधले सहा महिने झरझर सांगते. डॉक्टरांनी दोन गोळ्या चालू केल्या, एक ठोके सावरणारी, दुसरी हृदयावरचा भार हलका करणारी. पहिले काही दिवस लघवीची गोळी. मीठ कमी, लोणचं-पापड बंद. पेनकिलर मनाने घ्यायची नाही, कारण आयबुप्रोफेन जातीच्या गोळ्या या सुजेत त्रासदायक ठरू शकतात, आणि मी नेमकी तीच घेतली होती. आणि तीन ते सहा महिने दमछाक होईल असं काही नाही. सुजलेल्या स्नायूवर जोर पडला तर ठोके बिघडायचा धोका असतो. तरणीताठी पोरं तापातून उठून मैदानात कोसळतात, त्यातल्या काहींचं कारण हेच निघतं. मी विचारलं, 'डॉक्टर, मी पळत नाही, जिमला जात नाही. पण कणीक मळणं दमछाकीत येतं का?' ते पहिल्यांदा पेन खाली ठेवून माझ्याकडे बघून हसले. 'किती किलो?' 'सकाळी अठरा.' 'येतं.'

गणपतीच्या मोदकांच्या अकराशेच्या ऑर्डरी मी एकेकाला फोन करून परत केल्या. ज्या दिवशी उकड काढायची त्या दिवशी मी खुर्चीत बसून दुकानातल्या बायकांच्या पाऱ्या बघत होते, आणि प्रत्येक पारी मला जाड वाटत होती.

भेटायला येणाऱ्यांत निम्मे वैद्य. एकाचं म्हणणं, ही लसच. मी त्यांना सांगितलं की लसीनंतरचा मायोकार्डायटिस मुख्यतः एमआरएनए लसींच्या बाबतीत, बहुतेक तरुण मुलग्यांत, दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत दिसला आणि तोही क्वचित. मी २०२१ मध्ये कोविशिल्ड घेतली, ती त्या जातीची लस नाही, आणि त्याला वर्षं लोटली. खुद्द कोविडच्या तापानेही हृदयाला सूज येते, ते त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्याचं म्हणणं, स्टेरॉइड का नाही दिलं? सूज म्हटली की स्टेरॉइड, असं साधं गणित नसतं. काही विशिष्ट प्रकारांत देतात, सरसकट नाही.

आता दुसरी खेप. माघात डॉक्टरांनी पुन्हा एमआरआय सांगितला, भरपूर आढेवेढे घेऊन मी त्याच सेंटरला फोन केला. पण या वेळी फोनवरच म्हटलं, 'रिपोर्ट घेताना मला रेडिऑलॉजिस्टशी बोलायचंय. दहा मिनिटं. वेळ द्याल तरच येते.' पलीकडे शांतता. मग, 'विचारून सांगतो.' अर्ध्या तासाने फोन आला, सर भेटतील. म्हणजे होतं हे! मागितलं तर मिळत होतं, फक्त दर्शनी फळ्यावर लिहिलेलं नव्हतं. क्रिएटिनिनचंही या वेळी फोनवरच सांगितलं. कळव्याच्या सूनबाईंच्या तोंडाचा परिणाम असावा.

रेडिऑलॉजिस्ट तरुण होते, डोळ्यांखाली काळं, बोलणं कोल्हापूरकडचं. त्यांनी श्रावणातले आणि माघातले फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. माझं हृदय आडवं कापल्यासारखं, मेदूवड्याएवढं एक कडं. कड्याची जाडी म्हणजे स्नायू, मधलं भोक म्हणजे रक्त भरायची जागा. बाहेरून पातळ पिशवीचं आवरण, आतून मऊ अस्तर, आणि मधला जाड थर तोच मायोकार्डियम. 'या मधल्या थराला सूज म्हणजे मायोकार्डायटिस. बाहेरच्या पिशवीला आली तर पेरिकार्डायटिस. कधी दोन्ही एकदम येतात,' ते म्हणाले.

जुन्या फोटोत कडं बहुतेक काळं होतं, पण बाहेरच्या कडेला एका बाजूने पांढरी रेघ, कुणीतरी खडूने ओढल्यासारखी. 'हे काय?'

'औषध सोडल्यावर आपण दहा मिनिटं थांबलो होतो की नाही? चांगल्या स्नायूतून तोवर औषध निघून जातं. जिथं पेशी फुटल्यात किंवा सूज आहे, तिथं अडकून राहतं. ते पांढरं दिसतं.'

'मग अटॅकमध्येपण पेशी मरतात. तिथे पण पांढरंच दिसणार. तुम्हाला कसं कळलं, हा अटॅक नाही?'

ते खुर्चीत सरसावून बसले. बहुधा काउंटरपलीकडून असा प्रश्न येत नसावा. म्हणाले, 'पांढरं कुठं आहे ते बघायचं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्या बाहेरच्या अंगाला असतात. तिथून फांद्या आत शिरतात. वाहिनी बंद झाली की सगळ्यात आधी उपाशी मरतो तो सगळ्यात आतला भाग. म्हणून अटॅकचा डाग आतल्या कडेपासून सुरू होतो. तुमचा डाग बाहेरच्या कडेला आहे. आतली कड बघा, स्वच्छ आहे.'

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. मला लगेच समजलं. कालव्याला आवर्तन सुटतं तेव्हा पाणी कमी पडलं तर आधी वाळतं ते टेलचं, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचं रान, तोंडाजवळचं नव्हे. आमचं रान टेललाच होतं, वडील रात्र रात्र बांधावर बसायचे. पण कांद्यावर करपा हा रोग पडतो तेव्हा तो टेल बघत नाही आणि हेड बघत नाही. पाणी भरपूर असलं तरी पडतो, जमेल तिथे ठिपके. मी म्हटलं, 'म्हणजे अटॅक हा पाण्याअभावी वाळलेला कांदा, आणि माझा करपा.' डॉक्टर दोन सेकंद गप्प, मग म्हणाले, 'हे मी वापरणार.'

मग ते मोकळे झाले. बहुतेक वेळा कारण विषाणूच, सर्दी-पोटाचे साधे वाटणारे कित्येक, शिवाय फ्लू, डेंग्यू, कोविड. घटसर्पात होतो, ल्युपससारख्या, शरीर स्वतःवरच उलटतं अशा आजारांत होतो, कॅन्सरच्या काही नव्या औषधांनी होतो. दक्षिण अमेरिकेत एका ढेकणासारख्या किड्यामार्फत पसरणारा चागास नावाचा आजार आहे, त्यातही हृदय सुजतं. आणि गंमत म्हणजे नुकसान सगळं विषाणू करत नाही. काही तो करतो, बाकीचं आपलंच सैन्य, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती. मी मनात म्हटलं, चोर सोसायटीतून पळून गेला तरी वॉचमन काठी आपटत फिरतायत आणि दिसेल त्या घराच्या काचा फोडतायत. म्हणूनच ताप गेल्यावर आठ-दहा दिवसांनी छाती धरली. त्या मधल्या दिवसांमुळेच माणूस फसतो. ताप आणि छाती यांचा संबंध कुणी जोडत नाही. तुम्हाला किंवा घरच्यांना तापानंतर असं छातीत दुखलं, जिन्यावर धाप लागली, पायांवर सूज आली, आडवं झाल्यावर गुदमरलं, चक्कर येऊन पडलं, तर ओव्याच्या नादी लागू नका. एक ईसीजी आणि रक्ताची तपासणी, इतकंच पहिलं काम आहे.

'पण मग खात्री कशी? करपाच आहे याची?'

'शंभर टक्के खात्री हवी तर हृदयाचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. नळी घालून काढतात. पण ते फार आजारी माणसाला, किंवा बरं होत नसेल तेव्हा. तुमच्यासारख्यांना एमआरआयच्या खुणा पुरतात.' त्या खुणा म्हणजे तो रिपोर्टातला लेक लुईस क्रायटेरिया. मी आजवर समजत होते लुईस नावाचा कुणी मोठा डॉक्टर असेल. ते कॅनडातल्या एका तळ्याचं नाव निघालं. २००९ मध्ये या खुणा प्रसिद्ध झाल्या आणि २०१८ मध्ये सुधारल्या. स्नायूत पाणी साचल्याची एक खूण आणि पेशींना इजा झाल्याची एक खूण, दोन्ही दिसल्या तर निदान पक्कं धरतात. आपल्या ठाण्यात इतकी तळी. कुणी तलावपाळीवर बसून ठरवलं असतं तर जगभरच्या रिपोर्टांत 'मासुंदा क्रायटेरिया' छापून आलं असतं. हे मी डॉक्टरांना बोलून दाखवलं. ते हसले, नवऱ्याने मान खाली घातली.

माघातला फोटो: साचलेलं पाणी गेलेलं. पांढरी रेघ निम्म्याहून कमी, पण पुसली गेलेली नाही. इजेक्शन फ्रॅक्शन ५८. 'उरलेली रेघ हा वण. राहील कदाचित. पंप चांगला चालतोय. बहुतेकांचं असंच सुधारतं. थोड्यांचं हृदय पुढे सैल पडून मोठं होत जातं, म्हणून अधूनमधून इको करत राहा, आणि ठोके चुकल्यासारखे वाटले तर होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावून बघतील.' घड्याळात बघितलं तर दहाची सतरा मिनिटं झाली होती. बाहेर काउंटरच्या मुलीने पुढच्या पेशंटला 'सर बिझी है' सांगितलं असणार, आणि त्याला कारण मी.

म्हणून माझे तारे असे. फोटो आणि तो टेक्निशियन: पाच. स्वच्छता: पाच. वेळ पाळणे: दोन, दुसऱ्या खेपेलाही पाऊण तास उशीर. पैशाचा चोखपणा: तीन, दुसऱ्या खेपेला कॉन्ट्रास्टचा दर आधी सांगितला, सीडीचा तरीही नाही. बोलणं: पहिल्या खेपेला शून्य, दुसऱ्या खेपेला पाच, आणि हे पाच मला मागून घ्यावे लागले म्हणून सरासरीत मी ते अडीच धरत नाही, दोन धरते. समोर पाटी लावा, 'रिपोर्ट समजून घ्यायचा असल्यास वेळ मिळेल', आणि हवं तर त्याचे दोनशे रुपये घ्या. मी खुशीने देईन. चटणीचे पैसे पाटीवर लिहिलेले असले की कुणी कुरकुर करत नाही.

जाणाऱ्यांसाठी काही सटरफटर. कुठल्याही सेंटरला फोन केलात तर पहिलं विचारा, 'हृदयाचा एमआरआय नेहमी करता का, आणि रिपोर्ट कोण लिहितं?' क्रिएटिनिन आधी करून घ्या. सकाळची पहिली वेळ मागा, नंतरच्या सगळ्या सरकतात. जोडवी आदल्या रात्री घरी काढा, खोबरेल तेल लावून. श्वास सोडून थांबायची घरी आठ-दहा वेळा सवय करा. शाल न्या, आत हुडहुडी भरते. जुन्या फिल्म आणि सीडी जपून ठेवा, दुसऱ्या वेळी शेजारी लावायला त्याच लागतात. आमची फिल्म सासूबाईंनी गादीखाली ठेवली होती आणि तिला मधोमध घडी पडली आहे.

दुकान चालू आहे. डॉक्टरांनी पोळ्या लाटायला परवानगी दिली, कणीक मळायला दिली नाही, म्हणून भिवंडीहून कणीक मळायचं मशीन आणलंय. तीन महिने झाले, आवाज एमआरआयपेक्षा थोडाच कमी आहे आणि कणीक जरा घट्ट येते. त्याचा रिव्ह्यू होळीच्या पुरणपोळ्या झाल्या की लिहिते.